लातूरहून हलणारा कर्सर

नांदेड–लातूर एसटीत मांडीवरचा नवा लॅपटॉप मी सुरू केला, आणि काळ्या पडद्यावर नुसती पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

"नवाकोरा दिसतोय," शेजारचा म्हणाला. "आत काय टाकलंय?"

"अजून काहीच नाही. रिकामाच घेतला. लिनक्स टाकायचंय... पण त्यातलं कुठलं, ते ठरत नाही."

आमच्याकडं ओळख आडनावापासून सुरू होते. यानं ते विचारलंच नाही. बॅगेतून पेन ड्राइव्ह काढला. "यात लिनक्सच्या चार सिस्टिम हायत. आधी न बसवता चालवून बघा. पटली तर ठेवा."

"आणि नाही पटली तर?"

"तर मला फोन करा. नंबर ड्राइव्हवर लिहिलाय."

चाकूर मागे पडेपर्यंत एवढं कळलं, की हा मल्लिनाथ, लातूरला कॉलेजात गणित शिकवतो आणि हसण्याआधी चष्मा वर सरकवतो. उतरताना मी म्हणाले, "थँक्यू, सर."

"मी तुमचा सर न्हाई, धम्मप्रिया मॅडम."

नाव मी सांगितलं नव्हतं. ते माझ्या मातीच्या नमुन्यांच्या पिशवीवर होतं.

नांदेडला परतल्यावर पहिल्या सिस्टिमला वायफाय दिसेना. दुसरीत झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपायचा, तो उठायचाच नाही. मग मी फोनचं नेट जोडायचे आणि मल्लिनाथ लातूरला बसून माझा पडदा चालवायचा. आधी एक चौकट यायची — परवानगी द्यायची का? मी 'हो' दाबायचे, आणि नांदेडला, माझ्या टेबलावर, कर्सर त्याच्या बोटांनी हलू लागायचा. खात्री असली की सरळ जायचा. विचारात असला की लहान लहान गोल काढायचा. हळूहळू मला त्याचा चेहरा नीट आठवेनासा झाला... पण ती चाल मी कुठंही ओळखली असती.

"काय करून राहिलात?" मी फोनवर विचारायचे.

"तुमच्या लॅपटॉपची समजूत घालून राहिलो. लई हट्टी हाय. मालकिणीवर गेलाय."

"मालकीण हट्टी नाही. काटेकोर आहे."

"हाव, तेच."

तिसरीत जोडाक्षरं फुटत होती. चौथी बसवली त्या संध्याकाळी वायफाय लगेच लागलं. मराठी स्वच्छ उमटली. त्यानं झाकण बंद करून उघडायला लावलं. सगळं जिथं सोडलं होतं तिथंच होतं. परवानगीची चौकट पुन्हा आली, मी पुन्हा 'हो' दाबलं.

"आता काय उरलं?" त्यानं विचारलं.

मी शोधलं. अगदी मनापासून शोधलं. आवाज, प्रिंटर, कॅमेरा... सगळं चालत होतं. प्रयोग यशस्वी झाल्याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं. उद्यापासून फोन करायला कारण नव्हतं.

"काही नाही," मी म्हणाले. खोटं बोलणं मला जमत नाही.

"मग... बंद करू कनेक्शन?"

कर्सर निघाला. सरळ नाही — गोल काढत. कनेक्शन तोडायच्या लाल बटणावर येऊन थांबला.

पडद्यावर कर्सर एकच असतो. त्याचा हात आणि माझा हात, दोन्ही त्यालाच हलवतात. तो काम करायचा तेव्हा मी नेहमी टचपॅडवरून बोट उचलून धरायचे. आज ठेवलं. कर्सर बटणावरून हळूच खाली ओढला.

कर्सर पुन्हा वर निघाला. अर्ध्यावरून मी पुन्हा ओढला.

"मॅडम... हे तुम्ही करून राहिलात, का सिस्टिममधी दोष हाय?"

"सिस्टिम निर्दोष आहे. तपासलंय आपण."

कर्सर क्षणभर एकट्या माझ्या बोटावर राहिला. तिकडं चष्मा वर सरकला असणार.

"रविवारच्या एसटीनं नांदेडला यावं म्हणतो," तो हळू म्हणाला.

"घरचे आडनाव विचारतील."

"विचारतीलच. माझे बी विचारतील. तरी... येऊ?"

या वेळी पडद्यावर कुठलीच चौकट आली नव्हती.

"हो," मी म्हणाले.