बाद नमुना

मी शाळेची पायरी चढलेली नाही. अक्षरं शिकले ती किराणाच्या पुड्यांवरून. पण प्रदूषण मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतीपत्र माहितीच्या अधिकारात मागवून ओळ न ओळ वाचलंय. तेव्हा म्हातारी बरळते म्हणायचं असेल तर आत्ताच उठा.

जानेवारीतली सकाळ. महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून आमची वाडी. सात वाजता प्रयोगशाळेचा महिपत हवा तपासायचं यंत्र घेऊन आला, नेहमीसारखं आमच्या स्लॅबवर ठेवायला. चोवीस तास ते हवा ओढतं. आत पांढरा कागद असतो, दर आठ तासांनी बदलायचा. कागद काळे निघाले तर कारखान्याची संमती अडते. पांढरे निघाले तर पाच वर्षं रान मोकळं. आणि तपासणीच्या दिवशी कारखान्याची चिमणी हमखास बंद.

"बघ रे, आज कशी सोवळ्यात बसलीय," मी म्हटलं.

"आजी, मी कागद बदलणारा माणूस. चिमणीला मी काय सांगू?"

"तू नको सांगू. तुझी जीभ साहेबाच्या खिशात हाय."

खाली माझी नात दीक्षा खोकत होती. नऊ वर्षांची पोर, रात्र रात्र उशीला टेकून बसते. डॉक्टर म्हणाले होते, पोरीला हलवा नाहीतर धूर हलवा, आणखी पाच वर्षं ही छाती काढणार नाही. हलवायला दुसरं घर कुठलं? त्या कागदावर माझी पोर टांगलेली होती.

यंत्र घुमू लागलं. आकाश निळंशार. समोरचा डोंगर धुतल्यासारखा स्वच्छ. मला रडू येत होतं. हा कागद पांढराच निघणार.

दुपारी दीक्षाचा खोकला थांबला.

"आजी, आज छाती हलकी वाटते गो."

तीन वाजता महिपतने झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं सरला. कागद तव्याच्या बुडासारखा काळा. मी वाकून हुंगला. धुराचा वास नव्हता. दीक्षाच्या छातीला रोज चोळते त्या बामचा वास होता.

"चिमणी तर बंद हाय... मग हे आलं कुठून?"

"दिसतं ते लिही," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. त्याने नवा कागद घातला.

ऊन उतरलं तसा यंत्राचा आवाज बदलला. आता ते दमादमाने ओढत होतं... थांबत होतं... पुन्हा ओढत होतं. खाली गेले तर दीक्षा भिंतीला टेकलेली. ओठ पांढरे. यंत्र ओढी तसा तिचा श्वास बाहेर जाई. हात धरला तर रिकाम्या पिशवीसारखा.

"आजी... वरून कोण ओढतंय गो मला..."

मी जिना कसा चढले ठाऊक नाही.

"बंद कर ते!"

"चोवीस तास भरले नायत तर नमुना बाद होतो, आजी. काळा कागदपण बाद. मग पाच वर्षं..."

"मला शिकवतोस? नियम मी वाचलाय!"

वाचला होता म्हणूनच हात थबकला. एक श्वासभर थांबले मी. कबूल करते. मग खाली काहीतरी पडलं, फार हलकं, आणि मी वायर उपटली.

नमुना बाद झाला. आठवड्याने दुसऱ्याच्या छपरावर यंत्र लागलं. कागद पांढरेशुभ्र निघाले, संमती मिळाली, चिमणी पुन्हा ओकू लागली.

दीक्षा मात्र बरी झाली. घरात धूर कोंडला तरी खोकत नाही. लोक म्हणतात, आजीची पुण्याई.

आज जेवणाच्या वेळी महिपतचा फोन आला. आवाज अगदी खाली.

"आजी... ते दोन कागद पाकिटात घालून कपाटात ठेवलेत. बाद नमुने महिनाअखेरीला जाळतात. म्हणजे उद्या... जाळू का?"

"मला कशाला विचारतोस?"

"तुम्हीच ऐका."

त्याने फोन कपाटाला लावला असावा. आधी नुसती खरखर. मग खोकला. कोरडा, तीन ठसक्यांचा. हजार रात्री मोजलेला खोकला मी ओळखणार नाही?

"आजी... इथं लय दम लागतोय गो... ने ना मला..."

समोर दीक्षा भात कालवत होती. फोन माझ्या कानाशी घट्ट होता, तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिने मानही वर केली नाही.

"जाळू दे की," ती म्हणाली.