पडदा आणि काच यांच्यातली जागा

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट रचलेली नाही. माझ्या मावसबहिणीच्या, रेश्माताईच्या बाबतीत घडली आहे. ती मला हे सांगत होती तेव्हा तिच्या हातातला चहा गार झाला, तरी तिनं घोट घेतला नव्हता.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे.

नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार. पावणेदोन वाजले होते. बारामतीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत मकसूदचाचांचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. बाहेर लख्ख ऊन, रिक्षांचे हॉर्न, शाळेतून सुटलेल्या पोरांचा दंगा.

आत मात्र अंधार होता.

तो ताईनं स्वतः केला होता. का, ते सांगते.

रेश्माताई बारामतीजवळच्या कन्हेरीची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. फोटोंचं तिला भयंकर वेड. लहानपणी पहिला गोल्डफिश तिनं चाचांकडूनच नेला होता. दुकान चाचांचं, पण मासे वाढवले ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं, करिमाआपानं. शुक्रवारी चाचा नमाजला गेले की आपा शटर अर्धं खाली ओढायची आणि माशांना खायला घालायची. त्याआधी बोटातल्या चांदीच्या अंगठीनं काचेवर दोनदा वाजवायची.

टक. टक.

की लगेच मोठ्या टाकीतला ऑस्कर जातीचा मासा काचेशी हजर. वीतभर लांब, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी पट्टे. आपानं त्याचं नाव ठेवलं होतं शहजादा.

ऑक्टोबरात आपा गेली. झोपेतच.

तिनं आयुष्यात कुणाला फोटो काढू दिला नव्हता. लग्नकार्यात कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. चाचांकडं बहिणीचा एकही धड फोटो नाही.

आणि आपा गेल्यापासून शहजादानं खाणं सोडलं. महिना झाला. मागच्या कोपऱ्यात दगडाला तोंड लावून नुसता पडून.

"पोरी, ह्याचा एक फोटो काढून दे," चाचा ताईला म्हणाले. "हा बी काय जगत न्हाय आता. आपाचं तर माझ्याकडं काय न्हाय. निदान तिच्या हातचा हा तरी भिंतीवर ऱ्हाईल."

"मोबाइलवर काढून बघितला का?"

"बघितला की. माशापेक्षा माझं टक्कलच जास्त येतंय."

ताईनं शब्द दिला. आणि गेली अविराजकडं. हा तिच्या वर्गातला, लग्नाचे फोटो काढतो. त्यानं टेबलावर दोन कॅमेरे आणि दोन लेन्स मांडल्या.

"नवा कॅमेरा अंधारात भारी हाय, पण त्याला ह्यातली येक बी लेन्स बसत न्हाय. जुनाच ने," तो म्हणाला. "आता लेन्स. ही साठ एमएमची न्हेलीस तर काचंला नाक लावून उभं ऱ्हावं लागंल. मासा बिथरंल. ही शंभरची ने. काचंपासून दीड हात मागं थांबून काढता येतंय."

"आणि माझंच तोंड काचेत दिसलं तर?"

"तोंड तसलंच हाय, त्याला मी काय करू. काळा पडदा लाव मधी. भोक पाडायचं, त्यातनं फक्त लेन्स भाईर काढायची. खोलीतले दिवे बंद, टाकीचा तेवढा चालू."

मग त्यानं लेन्सच्या पाठीवरची इवलीशी खिडकी दाखवली. आत आकडे होते. नेम, म्हणजे फोकस, किती फुटांवर बसलाय, ते सांगणारे.

"आन येक ध्यानात ठिव. फुटाच्या आत काय आलं की हिला दिसत न्हाय. नुसती घर्र घर्र करत मागं-पुढं फिरत बसती. मग समजायचं, लय जवळ हाय."

"एवढ्या जवळ कोण येतंय?"

"तूच जाशील. तुला दम कुठं हाय."

दोघं हसले होते तेव्हा.

तर त्या शुक्रवारी चाचा टोपी घालून निघाले. "दोनच्या पुढं येतो. शटर अर्धं ओढून घे. आन काचंवर वाजवू नगंस."

ताईनं पडदा टांगला. लेन्स भोकातून बाहेर काढली. पडद्याच्या अलीकडं ती आणि कॅमेरा. पलीकडं दीड हात मोकळी जागा, मग काच, मग शहजादा.

दिवे बंद केले.

पंधरा मिनिटं झाली. शहजादा हलेना. ताईला फक्त शेपटी दिसत होती. चाचा यायच्या आत एक तरी फोटो हवा होता. पुढच्या शुक्रवारपर्यंत तो जगेल याची खात्री कुणी दिली होती?

मग तिनं ते केलं.

तिच्याही बोटात अंगठी होती. पडद्याच्या कडेनं हात घातला आणि काचेवर दोनदा वाजवलं.

टक. टक.

शहजादा हलला नाही.

पण...

ताईच्या डावीकडं छोट्या टाक्यांची रांग होती. गप्पी, मॉली, एंजल. ते सगळे एकदम पुढच्या काचेशी आले. खायला घालणारं माणूस समोर आलं की येतात ना, तसे. तोंडं उघडत, मिटत.

ते ताईकडं बघत नव्हते.

पडद्याच्या पलीकडं बघत होते.

वाजवण्याचा आवाज ऐकून आले असतील, असं ताईनं स्वतःला समजावलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. बटण अर्धं दाबलं. बीप वाजला. म्हणजे नेम बसला.

पण शहजादा धूसर दिसत होता. काच धूसर. सगळंच धूसर.

पुन्हा दाबलं. बीप. पुन्हा तेच.

तिनं खिडकीतला आकडा बघितला. दोन फूट.

काच अडीच फुटांवर होती, मासा चार फुटांवर. मोबाइलच्या उजेडात तिनं स्वतः टेपनं मोजलं होतं. दोन फुटांवर काहीच नव्हतं. नुसती हवा.

मग लेन्सनं नेम धरला होता कशावर...

तिनं पडदा बाजूला सारला.

कुणी नव्हतं. फक्त काचेवर वाफेचा एक गोल डाग होता. बाहेरच्या बाजूनं. कुणीतरी तोंड काचेजवळ नेऊन श्वास सोडल्यासारखा. तिच्या डोळ्यांदेखत तो बारीक होत गेला, आणि नाहीसा झाला.

ताई मागं सरली, तिचा एक हात कॅमेऱ्यावर टेकला. पडदा हातातून सुटला आणि पुन्हा सरळ झाला.

तेवढ्यात...

टक. टक.

काचेवर नाही. लेन्सवर. लेन्सच्या पुढच्या भिंगावर. कॅमेऱ्यावर टेकलेल्या तिच्या बोटांना ते हादरे जाणवले.

शहजादा वळला. सरळ पुढं आला. तोंड उघडलं.

ताईचं बोट दाबलं गेलं. दाबलं, असं ती म्हणत नाही. गेलं, असं म्हणते.

चाचा आले, दिवे लावले. फोटो स्वच्छ आला होता. एकेक खवला मोजून घ्यावा असा. चाचांनी तो खूप वेळ बघितला.

"हा बघतोय कुनाकडं?" ते म्हणाले.

शहजादाची नजर लेन्सकडं नव्हती. लेन्सच्या थोडी वर होती. वाकून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, तिथं.

"दाना टाकलास व्हय गं?"

टाकीत दोन दाणे तरंगत होते. तिसरा शहजादा चावत होता. दाण्यांचा डबा कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली चाचांच्या खिशात.

ताईनं नकारार्थी मान हलवली.  चाचा खाली बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण पुढचा आठवडाभर शहजादानं पुन्हा काही खाल्लं नाही. गुरुवारी चाचांचा फोन आला. "त्यो कॅमेरा घिऊन ये पोरी. तसाच लाव. खातोय का बघू."

ताईनं तसाच लावला. पडदा, अंधार, टक टक. शहजादानं खाल्लं.

तेव्हापासून दर शुक्रवारी. ताई गेली नाही तर तो उपाशी राहील, आणि चाचा दर वेळी आठवणीनं फोन करतात. जायला नाही कसं म्हणायचं?

फोटो आता ती काढत नाही. डोळाही लावत नाही. बटण अर्धं दाबते आणि खिडकीतला आकडा बघते.

पहिल्या शुक्रवारी दोन फूट.

दुसऱ्या शुक्रवारी पावणेदोन.

तिसऱ्या शुक्रवारी दीड.

चौथ्या शुक्रवारी फूटभर.

लेन्स जागची हललेली नाही. जमिनीवर खडूच्या खुणा आहेत, ताईनं दर वेळी तपासल्यात. दुसरंच काहीतरी पुढं येतंय. आपाला शेवटी फोटो काढून घ्यायचाय, की काढणारीलाच थांबवायचंय, ते तिला कळत नाही.

गेला शुक्रवार पाचवा होता. ताईनं बटण दाबलं.

बीप वाजलाच नाही.

घर्र... घर्र...

लेन्स मागं-पुढं, मागं-पुढं फिरत राहिली.

पडद्याचं कापड ताईच्या चेहऱ्यापासून चार बोटांवर होतं. वारा नव्हता. पंखा बंद होता. तरी ते कापड तिच्या बाजूला किंचित फुगलं... मग बसलं. पुन्हा फुगलं... पुन्हा बसलं.

आज परत शुक्रवार आहे. सकाळीच चाचांचा फोन येऊन गेला. "येतीस न्हवं? वाट बघतोय त्यो."

ताई आत कॅमेरा पिशवीत भरतेय. लेन्स घेतली. टेप घेतली. काळा पडदा दोनदा घडी करून दोनदा पुन्हा बाहेर काढून ठेवलाय.

पडदा लावला तर पलीकडचं दिसत नाही.

आणि नाही लावला तर...