बत्तीस तुकड्यांची इर्जिक

सकाळची लाँच मोरकोंडच्या धक्क्याला लागली. मिठाची पोती उतरवून झाल्यावर प्रथमेश संकपाळने शर्टाच्या आतून एक खाकी पाकीट काढलं. धक्क्यावर त्याची सात वर्षांची मुलगी अन्वी कधीची उभी होती.

"आलं?"

"आलं. पण इथं फोडू नगं. गुरुजींसमोर फोड. आत काय लिहिलेलं असतंय ते मला समजायचं न्हाय."

कोयनेच्या जलाशयापलीकडच्या या गावात शाळा एकच होती आणि मोहिते गुरुजी निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ती तेच उघडत. अन्वीने पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं तेव्हा वर्गातली अकराही मुलं भोवती जमली. पाकिटातून दोन वस्तू निघाल्या. एक जाड काचांचा चष्मा आणि एक चौकोनी काळी वडी. खेळयंत्राच्या खाचेत बसवायच्या या तुकड्याला गुरुजींच्या लहानपणी कॅसेट म्हणत. आता मुलं वडी म्हणत, आणि तो शब्द गुरुजींना जास्त आवडे.

"हे औषध आहे," गुरुजी म्हणाले.

"खेळ औषध कसा असंल?" गणप्याने विचारलं.

"सांगतो. आपण बघतो कशानं?"

"डोळ्यांनी!"

"डोळा नुसता आत चित्र पाठवतो. बघतो तो मेंदू. अन्वीचा डावा डोळा पहिल्यापासून पुसट चित्र पाठवत होता. मेंदूला कंटाळा आला. त्यानं उजव्याचंच ऐकायची सवय लावून घेतली. डॉक्टर याला आळशी डोळा म्हणतात, पण खरं तर डोळा आळशी नाही. त्याचं कुणी ऐकत नाही, एवढंच."

"म्हंजी तुम्ही गणप्यालाच विचारता, कारण तो मोठ्यानं वरडतो, तसं?" मागून कुणीतरी म्हणालं.

गुरुजी हसले. "अगदी तसं. आता या खेळात नदी दिसते ती फक्त उजव्या डोळ्याला आणि काजवे दिसतात ते फक्त डाव्याला. काजवा पकडायचा तर मेंदूला दोघांचंही ऐकावं लागतं. रोज दोन तास. आणि चष्मा रोज डावा डोळा मोजतो, तो जेवढा सुधारेल तेवढा खेळ अवघड करतो."

साताऱ्याच्या डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. आठ वर्षांपर्यंत मेंदू ओल्या मातीसारखा असतो, नंतर तो घट्ट होत जातो. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून वर्षभर पाहिलं होतं. अन्वी दोनदा धक्क्याच्या पायऱ्यांवरून पडली आणि फरक फारसा पडला नाही. दिवाळीत तिला आठवं पूर्ण होणार होतं. हा फेब्रुवारी चालू होता.

अन्वीने चष्मा चढवला, वडी शाळेतल्या खेळयंत्राच्या खाचेत दाबली. पडद्यावर नदी आली नाही, अक्षरं आली. "खेळ अपूर्ण. उरलेला भाग उतरवून घ्या. एकशे ब्याण्णव जीबी."

गुरुजींनी वडी काढली, पुन्हा बसवली. तीच अक्षरं.

"गुरुजी, वडीत खेळ न्हाय?" अन्वीने विचारलं.

गुरुजींनी वडी उलटून पाहिली. साठवणीच्या चिपा दुर्मीळ झाल्यापासून कंपन्या असंच करत, हे त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं आज. "रेशनकार्ड घेऊन गेलं म्हणून पिशवीत तांदूळ येतो का? दुकानात असावा लागतो. ही वडी म्हणजे कार्ड आहे. तांदूळ दुकानात आहे."

आणि खरी अडचण पुढेच होती, कारण आता डेटासुद्धा रेशनवर होता. माहिती साठवणारी मोठमोठी संगणकघरं थंड ठेवायला नद्यांचं पाणी लागे. लागोपाठच्या दोन दुष्काळांनंतर सरकारने कुटुंबामागे महिन्याला सहा जीबीची मर्यादा घातली होती. साताऱ्याला जा नाहीतर मुंबईला, मर्यादा नावाबरोबर येई. आजारी माणसांना वाढीव मिळे. प्रथमेशने तसा अर्ज केलाही, पण आठवड्याने उत्तर आलं की सदर वस्तू करमणूक या वर्गात मोडते. डॉक्टरांनी गुरुजींना फोनवर सांगितलं की प्रत स्वतःजवळ ठेवायची परवानगी त्यांनाही नाही. मग त्यांचा आवाज खाली गेला.

"गुरुजी, आणखी एक. खेळाला गिऱ्हाईक कमी म्हणून कंपनी एकतीस मार्चला त्याचं दुकानच बंद करतेय. पर्याय शोधतोय मी, पण वर्ष तरी जाईल."

त्या दिवशी गुरुजींनी मुलांना लवकर सोडलं आणि फळ्यावर एक भागाकार मांडला. गावात घरं चौतीस. दोन कुलूपबंद. उरली बत्तीस. एकशे ब्याण्णव भागिले बत्तीस. उत्तर आलं तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला.

एक मार्चला, नवे सहा जीबी आले त्या रविवारी, शाळेच्या पटांगणात घरटी एक माणूस आला. गुरुजींनी समजावून सांगितलं. खेळयंत्र खेळाचे तुकडे पाडून मागू शकतं. बत्तीस फोनांना बत्तीस क्रमांक द्यायचे, एकेकाने आपला तुकडा उतरवून घ्यायचा, शेवटी सगळे यंत्रात ओतायचे. पण महिनाभर मग त्या घरात दुसरं काही उतरणार नाही. ना क्रिकेट, ना मालिका.

काहींना नीटसं कळलं नव्हतं. गुरुजींनी उदाहरण शोधलं. आयुष्यभर त्यांनी अवघड गोष्टीला सोपं उदाहरण शोधलं होतं.

"ही इर्जिक आहे, दुसरं काही नाही. एकाच्या रानात सगळ्यांचे नांगर. प्रत्येकानं आपला पट्टा नांगरायचा."

"मग असं सांगा की!" म्हातारा सखाराम कदम म्हणाला. "मी म्हटलं काय जीबी-बीबी लावलंय. इर्जिकीला कोण न्हाय म्हणतंय?"

कुणीच नाही म्हणालं नाही. क्रमांक वाटले गेले. विलास उतेकरला तेवीस आला. त्याने तो दोनदा विचारून घेतला आणि तळहातावर पेनाने लिहिला. इर्जिक म्हटली की जेवण आलं. अन्वीच्या आईने, ऋतुजाने, माशाचं कालवण आणि नाचणीच्या भाकरी केल्या. पंगतीत चेष्टा चालली होती. "प्रथम्या, पोरगी दोन्ही डोळ्यांनी बघाय लागली की पहिलं तुझी लाँच वाकडी लागती ते दिसंल तिला." अन्वी प्रत्येकाच्या पुढ्यात मीठ वाढत होती आणि वाढताना मान किंचित वळवून उजव्या डोळ्याने बघत होती, तिच्या नेहमीच्या सवयीने.

पुढचा महिनाभर धक्क्यावर गर्दी असे, कारण टॉवरची रेंज तिथेच नीट लागे. माणसं फोन उंच धरून बसत. कुणाचा तुकडा मध्येच तुटे आणि तिथूनच पुढे सुरू होई. गुरुजी रोज विचारत, "झाला का?" आणि कुणी "झाला" म्हटलं की वहीत खूण करत. फोन हातात घेऊन बघावा असं त्यांच्या मनात एकदा आलं होतं. पण इर्जिकीत दुसऱ्याचा पट्टा मापायला जायचं नसतं. तो अपमान असतो.

एकोणतीस तारखेला त्यांनी विलासला विचारलं. तो मचव्याला डांबर लावत होता.

"झाला," विलास मान वर न करता म्हणाला.

शेवटचा तुकडा सखारामचा. तो एकतीस तारखेच्या संध्याकाळी पुरा झाला.

एक एप्रिलला सकाळी सगळे पुन्हा पटांगणात जमले. यंत्राच्या पडद्यावर बत्तीस रिकामे चौकोन होते. एकेक माणूस पुढे येई, फोन यंत्राला टेकवी, चौकोन हिरवा होई. मुलं मोठ्याने मोजत होती. बावीस झालं.

"तेवीस. विलास!"

विलास शाळेच्या भिंतीला टेकून उभा होता. फोन खिशातच होता.

"बाकीचे घ्या आधी," तो म्हणाला.

गुरुजींनी बाकीचे घेतले. एकतीस चौकोन हिरवे झाले. मधला एक तसाच राहिला. आता मोजणारी मुलंही थांबली होती.

"मी उतरवला न्हाय," विलास म्हणाला. "माझ्या पोरीची, सानिकाची, नर्सिंगची परीक्षा हाय पंधरा तारखेला. तिचे पाठ उतरवायचे ऱ्हायले होते. सहाच्या सहा त्यात गेले."

"अरे, मग बोलायचं नाही का?" गुरुजींचा आवाज त्यांच्याच कानाला अनोळखी वाटला. "काहीतरी केलं असतं. पाठ वाटून घेतले असते, कुणाच्या पाहुण्याला गाठलं असतं."

"इर्जिकीला न्हाय कसं म्हणू, गुरुजी? उद्या माझ्या रानात कोण येईल?" त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती, पण त्याहून जास्त गोंधळ होता. "मला वाटलं, बत्तिसात एक नांगर कमी. रान काय पडीक ऱ्हातंय व्हय? कडंला एक पट्टा राहील. थोडे काजवे कमी दिसतील पोरीला. येवढंच ना?"

उत्तर यंत्राने दिलं. गुरुजींनी एकदा कळ दाबून पाहिली आणि पडद्यावर अक्षरं आली. "खेळ अपूर्ण."

एकतीस पट्टे नांगरून झाले होते आणि रानात एक दाणा पेरता येणार नव्हता. नांगराचं तसं नसतं, याचं तसं असतं, हे महिन्यापूर्वी या पटांगणात कुणीतरी सांगायला हवं होतं. उदाहरण त्यांचंच होतं.

प्रथमेशने आपल्या फोनवरून दुकानाचं पान उघडून पाहिलं. ते बंद झालं होतं. वरच्या कोपऱ्यात नव्या महिन्याचे सहा जीबी आले होते, हिरव्या अक्षरांत. सगळ्यांच्याच फोनात आले होते. बत्तीस घरांचे मिळून एकशे ब्याण्णव, आणि उतरवायला काही नाही.

"दुसऱ्या कुठल्या पोराकडं असंल की तेवीस नंबर," सखाराम म्हणाला.

"प्रत्येक वडीचं कुलूप वेगळं असतं," गुरुजी म्हणाले. "त्यांचा तुकडा इथं बसणार नाही."

ऋतुजा विलाससमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं ती ओरडेल. ती हळूच म्हणाली, "भावजी, आमच्या घरचं कालवण खाताना तरी बोलायचं होतं. घास उतरला कसा?"

विलासने फोन खिशातून काढला, पाहिला, परत ठेवला. मग तो पटांगणातून निघून गेला. प्रथमेशची लाँच त्या दिवशी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी सुटली.

सानिकाने परीक्षा दिली. पेपर चांगले गेले म्हणतात. ती घरी आली की अन्वीच्या दारावरून न जाता डोंगराकडच्या वाटेने जाते.

गुरुजींनी डॉक्टरांना फोन केला. जुन्या काळी काय करत होते, हे विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं तसं त्यांनी बाजारातून लाल आणि निळा जिलेटीन कागद आणला आणि एका जुन्या चष्म्याच्या उजव्या बाजूला लाल, डाव्या बाजूला निळा चिकटवला. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने तळं काढलं. तळ्यात लाल पेन्सिलीने मासे काढले. लाल कागदातून पाहणाऱ्या चांगल्या डोळ्याला लाल रेघ दिसत नाही, पांढऱ्यात विरून जाते. निळ्यातून पाहणाऱ्या डाव्या डोळ्याला तीच रेघ गडद दिसते. मासे मोजायचे तर डाव्यालाच मोजावे लागतात.

"उपयोग होईल?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं.

"काहीच न करण्यापेक्षा बरं. पण खेळ रोज डोळा मोजून पुढे जात होता. कागद मोजत नाही, गुरुजी."

मग गुरुजीच मोजू लागले. रोज शाळा सुटली की अन्वी थांबते. त्यांनी चाळीसच्या वर चित्रं काढली आहेत. मुलंही काढतात, गणप्याचे मासे फार मोठे असतात. जून संपत आला, दिवाळीला चार महिने उरले. अन्वी कंटाळत नाही, चष्मा काढत नाही, मान वळवायची नाही असं सांगितलं तर वळवत नाही.

आज त्यांनी नवा कागद तिच्यासमोर धरला. पेन्सिल थोडी फिकी लावली होती, कालच्यापेक्षा किंचितच.

"बघ. तळ्यात मासे किती?"

अन्वी खूप वेळ बघत राहिली. तिचं बोट कागदावर आलं, फिरलं, थांबलं. मग तिने चष्म्यातून गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांनी काय ऐकलं म्हणजे त्यांना बरं वाटेल ते तिथे लिहिलेलं असल्यासारखं.

"गुरुजी," ती म्हणाली, "किती असायला हवेत?"