चालीतले शब्द

व्हीलचेअरचं चाक माझ्या पायावरून गेलं आणि मी खेकसले, "बघून चालव ना रे."

"सॉरी..." तो इतका हळू म्हणाला की मलाच कसंतरी झालं. लांब पापण्या. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

मुलुंडच्या त्या स्पीच थेरपीच्या क्लिनिकमध्ये मी फायली द्यायचं, लादी पुसायचं काम करते. शाळा दहावीतच सोडली. तो देवेश. खुर्चीत त्याचे बाबा, दशरथकाका. चार महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली.

दर खेपेला देवेश त्यांच्यासमोर वाकून विचारायचा, मी कोण, सांगा. काका नुसते रडायचे. एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, परीक्षा घेणं बंद कर, बघवत नाही.

तो भांडला नाही. जिन्यात येऊन म्हणाला, "त्या संध्याकाळी मीच ओरडलो होतो त्यांच्यावर... माझ्याशी परत बोलू नका म्हणून. तासाभरात झटका आला."



पुढच्या आठवड्यात लादी पुसताना मी आमचं गाणं गुणगुणत होते. विक्रोळीच्या आमच्या कॉलनीतलं जुनं युवा वृंदगान मंडळ — शाळा सुटली, ते नाही सोडलं. तर मागून घोगरा आवाज आला, "भरती आली, होडी सोडा..."

काका. शब्द न् शब्द स्पष्ट. हे गाणं मंडळाबाहेर कोणालाच येत नाही. देवेश बघतच राहिला. मी मंडळाचं सांगितल्यावर म्हणाला, विशीत बाबा त्याच कॉलनीत राहायचे, पण मंडळात गायचे हे कधी सांगितलं नाही.

आमच्या थेरपिस्ट अनुपमा मॅडम म्हणाल्या, बोलणं गेलं तरी तरुणपणी मुरलेलं गाणं कधी कधी राहतं. आता याच चालीत रोजचे शब्द घालायचे. घरी देवेशने गायचं. त्याने तिथेच एक ओळ म्हणून बघितली.

"मला नाही येत गाता."

"ते ऐकलं मी. गळा आहे की कुकर?"

"मग तू शिकव ना..."

पहिल्यांदा नीट बघितलं त्याने माझ्याकडे. मी फडका पिळत बसले — कोरडा होता तो.

तीन आठवड्यांत काका चालीत पाणी मागायला लागले. मग एका दुपारी देवेशने डोळे मिटून, पार बेसूर, गायलं... बाबा, चुकलो मी, बोला माझ्याशी.

काकांनी खूप वेळ घेतला. मांडीवर बोटं आपटत राहिले.

"देवू रे... जेवलास का..."

देवेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याचा हात धरला. त्याने सोडवला नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी काकांना दुसरा झटका आला. गेले.

महिन्याने तो क्लिनिकची खुर्ची परत करायला आला. डोक्यावर खुरटे केस. म्हणाला, आता इथे यायला काही कारण नाही.

मला रागच आला. "मी काय खांब आहे?"

 मग त्याने विचारलं, मंडळात नवीन पोरं घेतात का... बेसूर असली तरी? म्हटलं, घेतात. रविवारी चारला ये.

"गाताना रडू आलं तर?"

"तुझा श्वास तुटला की बाजूला गाणारा सूर धरून ठेवतो. तोवर तू श्वास घ्यायचा. पहिलं तेच शिकवतात." मी खुर्चीचा ब्रेक उगाच लावला, काढला. "आणि बाजूला... मी असते."