कडूबाईचा दाखला

औरंगपुऱ्यात एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आप्पासाहेबांचं ऑफिस होतं. जिना इतका अरुंद, की वर जाणाऱ्यानं खाली येणाऱ्यासाठी भिंतीला पाठ लावून थांबावं. आखातात निघालेल्या लोकांचे कागद आप्पासाहेब आधी मुंबईला मंत्रालयात, मग दिल्लीला परराष्ट्र खात्यात आणि शेवटी त्या त्या देशाच्या दूतावासात पाठवत आणि पाठीवर शिक्के मारून परत आणत. मोनिकाची ही तिथली तिसरी खेप. तिचा नवरा कृष्णा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात दोन वर्षांपासून नोकरीला होता. एवढे कागद झाले, की ती आणि साडेतीन वर्षांची मनू त्याच्याकडं जाणार होत्या. सासूबाई लेकीकडं राहणार होत्या.

एप्रिल २०१६ चालू होता. पडेगावला त्यांच्या कॉलनीत टँकर चौथ्या दिवशी येई.

"घ्या वैनी," आप्पासाहेबांनी पाकीट पुढं सरकवलं. "कागदांना आता पाय फुटले. तिकडं कुणी अडवत नाही."

मोनिकाला सगळं दोनदा तपासायची सवय होती. गॅस बंद आहे ना, कडी लागली ना, झोपलेल्या मनूचा श्वास चालू आहे ना. तिनं कागद मोजले. लग्नाचा दाखला, तिची बी.एस्सी.ची पदवी, मनूचा महापालिकेचा जन्मदाखला. आणि चौथा एक.

तोही जन्मदाखलाच होता. ग्रामपंचायतीचा, हातानं भरलेला. आईचं नाव मोनिका, वडिलांचं कृष्णा, तारीख मनूचीच. मुलीचं नाव कडूबाई. उलट्या बाजूला तीच सह्या-शिक्क्यांची उतरंड, आणि सगळ्यात खाली दूतावासाचं हिरवं चमकतं तिकीट.

"हा कुणाचा?"

"तुमचाच की. तुमच्याच पिशवीत निघाला. मला वाटलं, जुळ्या असतील."

"मला एकच मुलगी आहे."

"मग आता दोन झाल्या. बाळंतपणाशिवाय!" आप्पासाहेब स्वतःच हसले, पण तिचा चेहरा बघून सावरले. "घाबरू नका हो. यात कसं असतं, पुढचा साहेब मागच्या साहेबाची सही तेवढी ओळखतो. दिल्लीवाला मुंबईची सही बघतो, दूतावासवाला दिल्लीची. पोरगी कुणीच बघत नाही. पण एकदा त्यांचा शिक्का बसला, की त्या देशापुरतं ते खरं."

"मग रद्द करून घ्या."

"खोटं असलं तर रद्द होतं. यात खोटं काय आहे? सगळ्या सह्या असली आहेत." त्यांनी खाली बघत टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "आणि कॉप्या मी कालच तुमच्या मिस्टरांच्या कंपनीला मेल केल्यात. चारही."

घरी आल्यावर मोनिकानं तो कागद सासूबाईंपुढं धरला. आवडाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी तो लांबूनच ओळखला.

मोनिकाचा पहिला मुलगा बाराव्या दिवशी गेला होता, नाव ठेवायच्याही आधी. म्हणून मनू झाली तेव्हा, पाचवीच्या दिवशी, आवडाबाईंनी तिला सुपात घालून शेंद्र्यापलीकडच्या त्यांच्या गावात उकिरड्यावर ठेवलं. मागं न बघता चार पावलं गेल्या आणि परकी बाई यावी तशा येऊन त्यांनी ती उचलली. टाकलेली पोर कुणी न्यायला येत नाही, अशी जुनी समजूत. नावही तसंच ठेवलं, कडूबाई. मोनिकानं ते चालवून घेतलं आणि पुढं शहरात हौसेनं मनस्विनी नाव लावलं. सासऱ्यांनी गावात कडूबाईची नोंद केली होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासरे आता हयात नव्हते.

"आत्या, तुम्ही टाकलात हा पिशवीत?"

"व्हय."

"का?"

"साडेतीन वरसं जे काय आलं ते कडूबाईच्या नावानं उतरून टाकलं म्या. नजर म्हनू नको, ताप म्हनू नको. राखण हितंच ठिवून पोर समिंदरापार धाडायची व्हय?"

मोनिकानं कागद कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली.

तीन दिवसांनी टँकर आला. पाणी माणशी दोन हंडे. यादी कॉलनीतल्या काकासाहेबांकडं असे आणि त्यावरून भांडणं नकोत म्हणून ते ती मोठ्यानं वाचत. मोनिकानं सहा हंडे भरून घेतले आणि ती वळली.

"वैनी, अजून दोन राहिले की. चार माणसं ना तुमची?"

"तीन. आम्ही तिघी."

"आता माझ्याशीच खोटं? आन् तेबी कमी पाण्यासाठी!" रांगेतल्या बायका हसल्या. काकासाहेबांनी वही तिच्यापुढं धरली. तिच्या नावापुढं खरंच चार लिहिलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात. "दोन पोरी हायत तुमच्या. मागच्या पाळीला ती केस भादरलेली कळशी घेऊन उभी होती की. नाव विचारलं तर सांगंना."

मनूच्या दोन वेण्या होत्या. तिचे केस जावळानंतर कुणी कापले नव्हते.

नाही म्हटलं तर पाणी दुसऱ्याला जाईल, एवढाच विचार करून मोनिकानं ते दोन हंडे घेतले. मग तिनं लक्ष ठेवलं. सहा हंडे त्यांना चौथ्या सकाळपर्यंत बरोबर पुरत. आता दोन जास्तीचे होते. कुणी वेगळं न्हालं नाही, पाहुणा आला नाही, हंडा कुठं गळत नव्हता. चौथ्या सकाळी आठही हंडे रिकामे होते.

त्या दुपारी मनू तिच्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. पाण्यावाचून कूलर नुसता गरम वारा फेकत होता. स्वयंपाकघरातून खोकला आला. लहान मुलाचा. एकामागून एक अशी ढास, मग आत ओढलेला लांब, शिटीसारखा श्वास, मग पुन्हा ढास. मोनिकानं आधी मनूच्या छातीवर हात ठेवला. छाती संथ वरखाली होत होती.

दारात बसून तूर निवडणाऱ्या आवडाबाईंनी मान वर केली नाही.

"डांग्या हाय," त्या म्हणाल्या. "दोन वरसामागं गल्लीतल्या समद्या पोरांना झाला हुता. आपल्या मनूला नव्हता झाला."

मोनिका उठून आत गेली. ओटा कोरडा होता. खिडकी बंद होती. ती बाहेर येऊन पुन्हा मनूपाशी बसली आणि खोकला थांबेपर्यंत तिनं मोबाइलवरचं घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं.

शुक्रवारी कृष्णाचा फोन आला. आवाजात थकवा होता.

"मोनिका, इथं घोळ झालाय. माझ्या फाइलला एकाच मुलाची जागा आहे. त्यांनी कडूबाई चढवली."

"कडूबाई? अहो, पण मनू..."

"दोन दाखल्यांपैकी जो आधी उघडला तो घेतला. मनस्विनीचा पासपोर्ट फाइलशी जुळत नाही म्हणतात. मंगळवारपर्यंत शपथपत्र पाहिजे, की कडूबाई नावाची आपल्याला मुलगी नाही. मी इथून दिलंय, आता तुझं. ते आलं तर मनूला येता येईल. नाही आलं तर फाइल बंद, परत दोन वर्षं थांबायचं. मनू मला ओळखणार नाही गं तोवर."

"मी सोमवारी करते."

"अजून एक. इथं फाइल बघणाऱ्या बाईनं मला विचारलं, कडूबाईचा फोटो आहे का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, फाइलला तर लागलेला आहे."

"मनूचाच असेल."

"असेल," कृष्णा म्हणाला. "मी बघितला नाही."

सोमवारी निघताना आवडाबाई दार अडवून उभ्या राहिल्या. सून आल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"नाय म्हनू नको तिला, बाई. लई भोगलंय तिनं."

"आत्या, तुम्हीच टाकली होती ना तिला उकिरड्यावर?"

"टाकली ती उचलायसाठी. तू टाकशील ती टाकशीलच."

"अहो, ती नाहीच आहे!"

"मंग कागद कशापायी करतीस?"

मोनिकानं रिक्षा बोलावली. मग त्याही चप्पल घालून, मनूला घेऊन बसल्या.

अदालत रोडला दुपारी एकला ऊन त्रेचाळीसवर होतं. पत्र्याच्या शेडखाली टायपिंगवाले, स्टँपवाले, नोटरीचे वकील, आणि जमिनींच्या कागदांसाठी आलेल्यांची ही गर्दी. शहर वाढत चाललं होतं आणि जो तो काहीतरी विकून मोकळा होत होता. मोनिकानं रिक्षावाल्याला पैसे दिले, फाइल काखेत मारली, डावा हात मागं केला. लहान हात त्यात आला. तिनं तो घट्ट धरला आणि गर्दीत शिरली.

हात गरम होता. उन्हाचा, तिला वाटलं.

रांग अर्धा तास चालली. वकिलांनी मजकूर वाचून दाखवला. कडूबाई नावाची मला कोणतीही मुलगी नाही, नव्हती, आणि तिच्यावर मी आज वा पुढे कोणताही हक्क सांगणार नाही.

"बरोबर?"

"बरोबर."

"मुलगी एकच?"

"एकच."

तिनं उजव्या हातानं सही केली. डाव्या हातातली बोटं किंचित हलली.

"आता डाव्या हाताचा अंगठा."

"मनू, सोड गं जरा," ती खाली न बघताच म्हणाली.

बोटं आणखी घट्ट झाली.

"आटपलं का न्हाय तुझं?"

आवाज शेडच्या तोंडाशी होता. मोनिकानं मान वर केली. आवडाबाई उन्हात उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर मनू होती. बर्फाच्या गोळ्यानं तिचं तोंड जांभळं झालं होतं आणि रस कोपरापर्यंत ओघळला होता.

"रिक्षातून उतरल्यापून गोळा पायजे म्हनून बसली," आवडाबाई म्हणाल्या. "तू तर बघितलं बी नाय मागं."

वकिलांनी शाईचा पॅड उघडून पुढं केला. "चला ताई, मागं लोक थांबलेत."

मोनिकानं खाली पाहिलं नाही. ती मनूकडंच बघत राहिली. मनूनं तिला जीभ काढून दाखवली, केवढी रंगली ते.

तिनं पेन ठेवलं. उजव्या हातानं ती तापलेली बोटं एकेक करून उकलली.

करंगळी सुटेना. ती तिनं मागं वाकवली.

कुणी रडलं नाही.

अंगठा स्वच्छ उमटला. वकिलांनी त्याच्या शेजारी गोल शिक्का मारला, तारीख घातली आणि कागद तिच्या हातात दिला. मोनिका मनूच्या दिशेनं निघाली. दोन पावलांवर तिची ओढणी मागून ताणली गेली. कुणीतरी खालचं टोक धरलं होतं, मोठ्या माणसानं हात दिला नाही की रस्ता ओलांडताना मुलं धरतात तसं.