आयताचे अक्ष दोनच

नॉरशॉपिंग शहरातील एका जुन्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सामायिक खोली होती, आणि ज्याच्या त्याच्या ठरलेल्या वेळेची मर्यादा तेथे सोवळ्यासारखी पाळली जाई. त्याच इमारतीत राहणाऱ्या यिल्वाकडून ती मोडली. वेळ राखून ठेवण्याच्या फळ्यावर आपले कुलूप तिने चुकून शुक्रवारी अडकवले आणि कपड्यांची टोपली घेऊन ती उतरली शनिवारी. तेथे तिसऱ्या मजल्यावरचा तुरे नावाचा शेजारी चादरी वाळवीत होता.

तिने क्षमा मागितली. तो रागावला नाही. दंड म्हणून चादरी धरू लागावे, एवढेच म्हणाला. कापड दाबून सपाट करणाऱ्या रुळांच्या यंत्रात घालण्यापूर्वी त्या ताणून दुमडावयास दोन माणसे लागतात.

दोघे समोरासमोर उभे राहिले. दमट लिननचा गंध दरवळत होता. तुरेने एक कोपरा समोरच्या तिरक्या कोपऱ्यावर आणला... आणि कापडाच्या कडा दोहो बाजूंना बाहेर आल्या.

"कर्णावर नाही जमायचं," यिल्वा म्हणाली. ती शाळेत लहान मुलांना कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवीत असे. "आयताला सममितीचे अक्ष दोनच. एक उभा, एक आडवा."

"पण दोन्ही भाग सारखेच आहेत की."

"सारखे असणं वेगळं, एकावर एक बसणं वेगळं."

"बरं, बाई," तो विद्यार्थ्याच्या नम्रतेने म्हणाला, आणि तिला हसू आवरेना.

पुढे शनिवार दोघांचा झाला. त्याने चौरस रुमाल आणले. तिने त्यांचे चार अक्ष दाखविले. एकदा त्याने गोल मेजपोस आणला. याला अक्ष किती, मोजता येणार नाहीत इतके, असे बोलणे झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आज घड्या संपतच नाहीत तर." यिल्वाने मान खाली घातली, परंतु मेजपोस सोडला नाही.

हिवाळ्यापूर्वी तिला दूर उत्तरेकडील लुलेओच्या शाळेत कायमची नेमणूक मिळाली. तिने ती वार्ता त्याला सांगितली आणि 'राहा' या एका शब्दाची वाट पाहिली. त्याने मात्र तिकडे बर्फ फार, बूट चांगले घे, असे सुचविले. ती खिन्न झाली; आणि तिने शाळेला होकार कळविला.

शेवटच्या शनिवारी घडी घालताना त्याचे हात तिच्या हातांपाशी येऊन थांबले.

"कळवलंस?" त्याने विचारले.

"कळवलं. तुला काहीच बोलायचं नव्हतं ना..."

"होतं. पण तेव्हा बोललो असतो, तर तू राहिली असतीस. माझं प्रेम आहे तुझ्यावर, यिल्वा. आता सांगायला हरकत नाही."

तिने चादरीचे आपले टोक त्याच्या हातात दिले.

"लुलेओला गाडी जाते," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. चौकशी केलीय मी."

"मग बूट तूही घे."