डाव्या दाराची त्रिकोणी काच

ठेवा फोटो इथं, दिव्याखाली. तुमचं काम होईल. मडगार्डची एवढी कड दिसते आहे म्हणजे गाडी लपून राहायची नाही. पण आधी चहा येऊ दे. तोवर एक गोष्ट सांगतो. सांगायची म्हणून नाही, पण तुम्ही मघाशी विचारलंत ना, मी आता पूर्वीइतकी कामं का घेत नाही म्हणून.

तीस-पस्तीस वर्षं मी गाड्यांचे पत्रे ठोकले. त्या कामात माणसाचे कान जातात, पण डोळे तयार होतात. हात थकले तसं गॅरेज सोडलं आणि घरी हे भिंग घेऊन बसलो. लोक जुने फोटो आणतात. कुणाचे आजोबा ऐटीत उभे असतात, मागे गाडीचा अर्धा दिवा दिसतो. फोटो कधीचा, गाडी कुठली? मी दिव्याची कडी बघतो, दाराच्या मुठीचा बाक बघतो आणि साल सांगतो. एका घरात सगळ्यांची ठाम समजूत होती की पणजोबांची स्वतःची मोटार होती. मी भिंग लावलं तर टपावर टॅक्सीची पाटी काढल्याची दोन भोकं. ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. बायको म्हणते, तुम्हाला शेजारचा माणूस रस्त्यात ओळखता येत नाही, पण सत्तर वर्षांपूर्वीचा बंपर बरोबर ओळखता.

गेल्या हिवाळ्यात, दुपारी चारच्या सुमारास एक सिस्टर आल्या. दवाखान्यातली ड्यूटी संपवून सरळ इकडेच आलेल्या, पांढऱ्या कपड्यांवर स्वेटर. वय पंचेचाळीसच्या पुढे. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटातून त्यांनी चार छोटे फोटो काढले आणि टेबलावर ओळीनं मांडले. काळेपांढरे, कंगोरेदार कडांचे. फोटोंना एक वास होता. बंद टाकीचं झाकण उघडल्यावर येतो, तसा.

चारही फोटो त्यांचेच होते. पहिल्यात सात वर्षांची मुलगी शाळेच्या फाटकाशी. दुसऱ्यात बारा-तेराची, सायकल धरून. तिसऱ्यात नर्सिंगच्या नव्या गणवेशात. चौथ्यात आत्ताच्या सिस्टर, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना. एकाही फोटोत त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं. त्यांनी सांगितलं की हे फोटो कुणी काढले ते त्यांना ठाऊक नाही. दोन महिन्यांपूर्वी आई गेली, हे तिच्या पत्र्याच्या डब्यात होते. आईच्या शेवटच्या आठवड्यातच त्यांनी एकदा हा डबा उघडून विचारलं होतं. तेव्हा आई म्हणाली होती, "दाराखालून येतात. ओले असतात. मी वाळवून ठेवते."

तापात बोलली असेल, असं सिस्टरनी धरलं. त्यांना वेगळाच संशय होता. त्या चार वर्षांच्या असताना वडील घर सोडून गेले, पुन्हा आले नाहीत, एवढंच आईनं सांगितलं होतं. आणि या प्रत्येक फोटोच्या कडेला गाडीचा कुठला ना कुठला भाग होता. म्हणजे कुणीतरी गाडीत बसून वर्षानुवर्षं त्यांना बघत होतं.

"मला त्यांच्यावर मनसोक्त रागवायचंय, काका," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी आधी ते सापडायला हवेत. गाडी ओळखा, मालक मी शोधते."

मी दिवा जवळ ओढला.

काम सोपं होतं. पुढची काच मधोमध उभ्या पट्टीनं जोडलेली, दोन तुकड्यांची. अशा गाड्या एक अखंड काच आल्यावर बंद झाल्या. डाव्या कडेला दाराच्या कोपऱ्यातली छोटी त्रिकोणी काच. पूर्वी वारा आत घ्यायला ती असायची, आतला खटका दाबून उघडायची. दोन तुकड्यांची काच आणि त्रिकोणी खिडकी, दोन्ही एकाच गाडीत, असं एका कारखान्यानं फक्त दोनच वर्षं केलं. मी साल सांगितलं, रंग बहुतेक राखाडी असेल तेही सांगितलं. सिस्टर वहीत लिहून घेत होत्या. मला फक्त एक खटकत होतं. पहिल्या फोटोच्या वेळीच ही गाडी तीस-पस्तीस वर्षं जुनी. चौथा फोटो दवाखान्याच्या नव्या इमारतीसमोरचा, म्हणजे फार तर वर्षाचा. आणि तरी कागद तोच, कंगोरे तेच. असा कागद आता कुठं मिळत नाही.

मग मी खटक्यावर भिंग धरलं.

कारखान्यातून येणाऱ्या खटक्यावर बोट घसरू नये म्हणून तीन उभ्या रेघा असतात. याच्यावर चार होत्या. तिरक्या, आणि उलट्या बाजूला उतरणाऱ्या. मी डावखुरा आहे. माझी कानस अशीच उतरते. सगळं गॅरेज त्यावरून मला हसायचं.

तो खटका मी केलेला होता.

बायकोनं चहा आणून ठेवला. तिनं विचारलं, काय झालं? काही नाही, मी म्हणालो. पण मला सगळं आठवत होतं. मी कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एक शांत गृहस्थ राखाडी गाडी घेऊन आले, सोबत तीन-चार वर्षांची मुलगी. ती बापाशेजारी पुढं बसायची आणि दिवसभर त्रिकोणी काच उघड-मीट करायची, म्हणून खटका तुटला होता. नवा मिळेना, मग मी पितळेचा घासून बसवला. मुलीनं दहा वेळा उघडून बघितला आणि मान डोलावली, मोठ्या माणसासारखी.

सहा महिन्यांनी तीच गाडी पुन्हा आली. ओढून आणलेली, काचांवर गाळ. गावाबाहेरच्या तलावातून काढली होती. ते गृहस्थ आत सापडले होते. आमच्या फोरमननं ती मला तोडायला दिली. मी टप कापला, दारं कापली, सगळ्याचे तुकडे भंगारात गेले. तो खटका मी स्वतः काढून मुशीत टाकला. त्या पितळेतून आम्ही दुसऱ्याच गाडीचे बुश, म्हणजे सांध्यातल्या कड्या, ओतले. ती गाडी पुन्हा जोडून कुणी रस्त्यावर आणेल, अशी शक्यताच नव्हती.

हे सिस्टरना सांगावं की नाही, मी बराच विचार केला. पण ज्या माणसावर रागवायला त्या निघाल्या होत्या, तो माणूस कुठं गेलाच नव्हता. हे त्यांना कळायला हवं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "मुलीचं काय झालं?"

"मुलगी वाचली," मी म्हणालो. "गाडी ओढणाऱ्यानं सांगितलं होतं. काठावर बसलेली मिळाली म्हणे. दारं चारही बंद होती, मग ती बाहेर आली कशी, ते कुणाला कळलं नाही. आणि..."

"आणि काय?"

"कपडे कोरडे होते म्हणे."

सिस्टरनी कप खाली ठेवला. मग हळूहळू बोलायला लागल्या. आईनं त्यांचं सगळं नीट केलं होतं. डबा, अभ्यास, आजारपण, कशात कमी नाही. पण कधी जवळ घेतलं नाही. दुसऱ्याची पोर सांभाळायला घ्यावी, तसं केलं. रात्री कधी जाग आली तर आई दाराशी बसलेली असायची, बाहेर कान लावून. "मला वाटायचं, बाबा गेले त्याचा राग माझ्यावर काढते," त्या म्हणाल्या. "आणि या फोटोंना मात्र मऊ कापडात गुंडाळून ठेवलं होतं तिनं."

बाहेर ऊन उतरलं होतं. मी चारही फोटो दिव्याखाली जवळजवळ घेतले. प्रत्येकाच्या तळाशी एक काळपट पट्टा होता. मी तो कागद जुना झाल्याचा डाग समजलो होतो. आता बघितलं तर त्या पट्ट्यात त्रिकोणी काचेचं उलटं प्रतिबिंब हलल्यासारखं पसरलेलं. ते पाणी होतं. गाडीच्या आत. पहिल्या फोटोत दाराच्या मुठीखाली, दुसऱ्यात मुठीपर्यंत, तिसऱ्यात खटक्याच्या जरा खाली. चौथ्यात खटका अर्धा बुडालेला.

"बाबाच आहेत ना हे?" सिस्टरनी विचारलं. "फोटो काढणारे?"

मला हो म्हणायचं होतं. पण माझी नजर चौथ्या फोटोच्या उजव्या कडेला गेली होती. तिथं स्टिअरिंगचं काळं वर्तुळ होतं, पाण्यातून वर आलेलं. त्यावर पुरुषाचे दोन हात. मनगटावर घड्याळ. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं.

सिस्टरही वाकून बघत होत्या. त्यांचा श्वास मला कानाशी जाणवत होता.

"मग कॅमेरा..." त्या म्हणाल्या.

"डाव्या सीटवरून," मी म्हणालो. "आणि खालून. मोठं माणूस बसलं तर डोळे इतके खाली येत नाहीत, पोरी."

त्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं, बराच वेळ बघितलं आणि परत दिलं. त्यांनी फोटो पाकिटात घातले. चेहऱ्यावर कसलीशी सुटका होती. दारात वळून म्हणाल्या, "इतकी वर्षं ती गाडीत बसून बघत राहिली, काका. मी शाळेत जाते, सायकल शिकते... तिचं सगळं माझ्याकडं आलं आणि ती नुसती बघत राहिली." मी काही तरी समजुतीचं बोललो असेन. ते मला आठवत नाही. त्या जिना उतरून गेल्या तेव्हा बायको म्हणाली, बाई एकटीच राहते वाटतं. मी हो म्हणालो.

पुढचे तीन महिने मी कुठलंच काम घेतलं नाही. मनात एकच हिशेब चालायचा: पाचवा फोटो आला तर पाणी त्या लहान डोळ्यांच्या वर गेलेलं असणार. तसा फोटो कसा दिसेल?

एका सकाळी बायको केर काढताना पुटपुटली की फरशीवर पाणी कुणी सांडलं. आमच्या दाराच्या फटीतून एक कंगोरेदार कागद आत आलेला होता. भिजलेला. मी तो टॉवेलवर ठेवला, दिवा लावला आणि भिंग घेतलं.

फोटो सिस्टरच्या घराच्या दाराचा होता. त्यांनी दार सताड उघडून धरलेलं, दुसरा हात पुढे केलेला. पहिल्यांदाच त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या, खाली वाकून, हसत.

मी दोन तास त्या फोटोत गाडी शोधली. कोपरे बघितले, सावल्या बघितल्या, दाराच्या पितळी कडीत काही उमटलंय का ते बघितलं. काचेची कड नव्हती, रबराची पट्टी नव्हती, पाण्याचा पट्टा नव्हता. फोटो तेवढ्याच उंचीवरून काढलेला, पण त्यात गाडी नव्हती. काढणारी बाहेर, पायांवर उभी होती.

मी सिस्टरना फोन लावला. भर दुपार होती. बऱ्याच रिंगा झाल्यावर त्यांनी उचलला. मी त्यांना घाबरून काय काय विचारत सुटलो, बरं आहे ना, घरात कुणी आहे का, मी येऊ का. त्या ऐकत होत्या. मग अगदी प्रेमानं, दबक्या आवाजात म्हणाल्या,

"जरा हळू बोला, काका... आत्ताच झोप लागलीय तिला."